फोटोतल्या सायकली आणि शेडमधल्या मोटारसायकली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यावरण दिनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात सायकल फेरीचा फोटो आला होता. हिरवे टी-शर्ट, पांढऱ्या टोप्या, मध्ये बॅनर. त्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्यांचा खोका धरलेला एक माणूस अर्धा कापला गेला आहे. तो मी. त्यामुळे फोटोत न आलेलं काही मला सांगता येईल. फेरी साडेसातला निघायची होती. पाहुणे सव्वाआठला आले, प्रत्येक जण आपापल्या चारचाकीने. दीड किलोमीटरची फेरी संपेपर्यंत त्या सगळ्या गाड्या मागून रांगत येत होत्या. एसी बंद पडू नये म्हणून एकाही गाडीचं इंजिन बंद झालं नाही. ५ जून, पावसाचा पत्ता नाही, ड्रायव्हरांना मी दोष देत नाही. सायकली मात्र आमच्या विद्यार्थिनींच्या होत्या. पाहुण्यांकडून त्या गोळा करून आणायचं कामही माझ्याकडेच होतं. दोन सायकलींची सीट पाहुण्यांच्या उंचीप्रमाणे वर केलेली, नट इतका आवळलेला की त्या मुली सायकल हातात धरून घरी गेल्या.

फेरीत वाटलेल्या पत्रकात 'वैयक्तिक वाहनांचा वापर टाळा' असं छापलं होतं. टाळा म्हणजे नक्की काय करा, हे कुठेच नव्हतं. गेली साडेतीन वर्षं मी याच प्रश्नाशी झटापट करतो आहे. म्हणून पत्र थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी एका शाळेच्या आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक आहे. घर शेंदुर्णीला, नोकरी पाचोऱ्याला. म्हणजे अपडाऊन. आपल्या खानदेशात अपडाऊन न करणारा नोकरदार शोधावा लागतो. भुसावळचा जळगावला जातो, जळगावचा पाचोऱ्याला, अमळनेरचा धरणगावला, धुळ्याचा शिंदखेड्याला. मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा 'मुलगा अपडाऊन करतो का तिथंच राहतो' हे आधी विचारतात.

माझी अपडाऊनची सुरुवात पी.जे.ने झाली. पाचोरा–जामनेर, ५६ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, शंभरी गाठलेली गाडी. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर असं करत ती डुलत जायची. सायकलवाला पुढे निघून जातो ही तिच्यावरची जुनी थट्टा, आणि ती फार खोटी नव्हती. पण त्या गाडीत दुधाचे कॅन असायचे, भाजीच्या पाट्या असायच्या, वकील असायचे, शाळेची पोरं असायची. मी परीक्षेचे फॉर्म तिथंच मांडीवर ठेवून तपासले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, गाडी थांबली, ती थांबलीच. आता ती ब्रॉडगेज होणार आहे, पुढे बोदवडपर्यंत जाणार आहे. आनंद आहे. काळजी वेगळीच आहे. गाडी थांबली तेव्हा तिच्यातली माणसं काही घरी बसून राहिली नाहीत. प्रत्येकाने काहीतरी सोय केली, बहुतेकांची सोय दोन चाकांची होती, तिचे हप्तेही आता फिटलेत. उद्या रूळ आले, गाडी आली, तरी ही माणसं आपोआप स्टेशनवर येतील असं मला वाटत नाही.

मुख्य मार्गावरही हेच दिसलं. कोविडनंतर पॅसेंजर गाड्या सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्याने. पूर्वी दहा रुपयांत होणाऱ्या जवळच्या प्रवासाला कमीत कमी तीस रुपये लागू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाडं पुन्हा दहावर आलं. मधल्या काळात जो माणूस रोज तीस देऊन जाणं परवडत नाही म्हणून मोटारसायकलीवर गेला, त्याला 'आता दहा झाले, ये परत' असं सांगायला कुणी गेलं नाही. कित्येकांना अजून माहीतच नाही. खिडकीवर विचारायला जातो कोण?

माझं म्हणाल तर, टाळेबंदीनंतर काही महिने मी बसने गेलो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. संपाबद्दल मी काही बोलणार नाही. आमच्या गल्लीत दोन कंडक्टर राहतात, त्यांचे ते महिने मी डोळ्यांनी पाहिले आहेत. डिसेंबरात मी पतपेढीचं कर्ज काढून मोटारसायकल घेतली. खरं सांगतो, पहिल्या आठवड्यातच मी तिच्या प्रेमात पडलो. सकाळी वीस मिनिटं जास्त झोप. येताना पिंपळगावला थांबून ताजी मेथी. कुणाची वाट बघणं नाही, कुणाला विचारणं नाही. पर्यावरणाबद्दल बोलणाऱ्यांनी हे सुख आधी मान्य करावं, मग पुढचं बोलावं. नाहीतर ऐकणारा मनात हसतो.

हिशेब पुढे कळला. जाऊन-येऊन पंचावन्न किलोमीटर, गाडी लिटरला पन्नास देते. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर सव्वीस लिटर पेट्रोल. शंभराच्या वरचा भाव, म्हणजे सत्तावीसशे रुपये तिथंच गेले. चेन-स्प्रॉकेट, टायर, ऑइल वेगळं. कंबरेचं तर विचारूच नका. आमच्या विज्ञानाच्या सरांनी आणखी एक भर घातली. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मी म्हटलं, लिटरभर पेट्रोल पाऊण किलोचं, त्यातून सव्वादोन किलो निघेल कसं? ते म्हणाले, पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, वजन त्याचं वाढतं. म्हणजे महिन्याला साठ किलो. माझं वजन बासष्ट आहे. दर महिन्याला मी माझ्याच वजनाइतका वायू शेंदुर्णी–पाचोरा रस्त्यावर सोडून येत होतो. हे ऐकून मी मोटारसायकल सोडली असं मात्र समजू नका. ती सुटायला वरखेडीच्या अलीकडे एका संध्याकाळी कापसाचा टेम्पो आडवा यावा लागला. मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, गाठोडी दोन्ही बाजूंना दोन-दोन हात बाहेर आलेली. मी कडेच्या चारीत गेलो आणि वाचलो. घरी गेल्यावर बायको काही बोलली नाही, आणि त्याचंच जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या शेडमध्ये जाऊन गाड्या मोजल्या. सतरा मोटारसायकली, पाच कार. त्यांपैकी नऊ गाड्या आमच्याच रस्त्याने येणाऱ्या. नऊ गाड्या, नऊ माणसं, एकच रस्ता, एकच वेळ, एकच मस्टर. वीस मिनिटांच्या फरकाने सगळे एकमेकांना ओव्हरटेक करत येतो आणि शाळेत आल्यावर 'आज रस्त्यावर फार गर्दी होती' असं म्हणतो.

यावर आम्ही एक पद्धत बसवली, ती सांगण्यासारखी आहे. कारवाले दोघं होते, त्यांनी आठवडा-आठवडा वाटून घेतला. चौघं कारमध्ये. उरलेल्यांनी मोटारसायकलीवर दोघं-दोघं जायचं, दोघांनाही हेल्मेट. कारमध्ये पैशांचा व्यवहार ठेवला नाही. पैसे आले की हिशेब येतो, हिशेब आला की रुसवे. त्याऐवजी कारवाल्याच्या पाळीत टायरमधली हवा, काच पुसणं, शनिवारी गाडी धुणं हे बाकीच्यांनी करायचं ठरलं. आणि वेळ म्हणजे वेळ. तीन मिनिटं थांबायचं, मग निघायचं. पहिल्याच आठवड्यात एक ज्येष्ठ सर मागे राहिले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी थांब्यावर उभे होते.

सगळं गोड झालं असंही नाही. एकांची संध्याकाळची शिकवणी, ते बाहेर पडले. एकांना खिडकी उघडी लागते, एकांना बंद. एकांच्या गाडीत सकाळी सात वाजता पूर्ण आवाजात भजनं, ती आम्ही भक्तीने सहन करतो. तरी नवांपैकी सहा जण आजही टिकून आहेत. ते का टिकले याचा मी विचार केला, आणि मला सापडलेलं कारण ऐकून कदाचित हसू येईल. माझी मोटारसायकल.

झालं असं, की पहिल्या महिन्यात प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: मध्येच घरून फोन आला तर? मुलगा पडला, आईला दवाखान्यात न्यायचं झालं, तर परत कसं जायचं? वर्षाचे साडेतीनशे दिवस असं काही होत नाही. पण त्या एका दिवसाच्या भीतीने माणूस रोज स्वतःची गाडी घेऊन निघतो. मग मी माझी मोटारसायकल शाळेच्या शेडमध्येच ठेवून दिली. किल्ली कार्यालयात, हजेरीपटाच्या कपाटात, खिळ्याला. ज्याला अडचण येईल, लायसन्स असेल, त्याने न्यावी आणि टाकीत पेट्रोल भरून आणावी. सव्वा वर्षात ती तीनदा गेली. तीनदाच. पण ती तिथं उभी आहे म्हणून सहा जण रोज आपापली वेगळी गाडी न काढता एकत्र येतात. कुठल्याही कार्यालयाला, बँकेला, कारखान्याला हे करता येईल. खर्च एका जुन्या गाडीचा आणि एका खिळ्याचा.

आमच्या मॅडमांची गोष्ट वेगळी. परक्या पुरुषाच्या मोटारसायकलीवर रोज मागे बसून जाणं आपल्या गावांत आजही सोपं नाही. बोलणारे बोलतात. कारमध्येही त्यांना अवघडल्यासारखं होतं. त्यांचा प्रश्न आमच्या पद्धतीने सुटला नाही, अर्ध्या तिकिटाने सोडवला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं झालं, आणि एप्रिल संपायच्या आत आमच्या तिन्ही मॅडम स्कूटी घरी ठेवून बसने येऊ लागल्या. कुणी त्यांना व्याख्यान दिलं नव्हतं. पुरुष मंडळी कुरकुरतात की आता बसायला जागा मिळत नाही. मीही उभा राहून येतो कधीकधी, पाय दुखतात. पण बसमध्ये गर्दी आहे ही तक्रार ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी खरी चिंता करावी.

कारण बसचा हिशेब गर्दीवरच आहे. गल्लीतले कंडक्टर सांगतात, त्यांची गाडी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते. ऐकायला वाईट. पण आत चव्वेचाळीस माणसं बसलेली असली की एका लिटर डिझेलवर दोनशे माणसं एक-एक किलोमीटर गेल्यासारखं होतं. मोटारसायकलीवर एकटा, तर पन्नास. दोघं, तर जवळपास शंभर. कारमध्ये एकटा, तर पंधरा-सोळा, चौघं बसले तर साठेक. आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. बसमध्ये आठच माणसं असली तर आकडा चाळिसाच्या आत येतो, म्हणजे माझी मोटारसायकल जिंकली! म्हणून 'फेऱ्या वाढवा, फेऱ्या वाढवा' एवढ्याच मागणीशी मी सहमत नाही. दुपारी दोनला रिकामी धावणारी फेरी आणि सकाळी साडेसातला दारात लटकणारी माणसं, यांतली एक कमी करून दुसरीला जोड दिली तर डिझेल तेवढंच लागेल.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसलो ते. सध्या अकरावीचे प्रवेश चालू आहेत. माझ्या खिडकीपुढे रोज बाप आणि पोरगा उभे असतात. गेल्या आठवड्यात पिंपळगावकडचे एक शेतकरी आले. पोराला दहावीला चांगले गुण. बोलता बोलता म्हणाले, "बसचा काही भरोसा आहे का, भाऊ? गाडीच घेऊन देतो त्याले." पोरगा सोळा वर्षांचा. मी त्यांना सांगितलं की २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यांनी मान हलवली. अशी मान मी रोज पाहतो, ती पटल्याची नसते. मग मी दुसरं सांगितलं. विद्यार्थ्याच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. मुलीला बारावीपर्यंत पास फुकट. जून २०२४ पासून पास शाळेतच मिळण्याची सोय झाली आहे, आगारात रांग लावायला नको. ते थांबले. म्हणाले, "अन् बस किती वाजता?"

हाच तो प्रश्न. दंडाचा नाही, प्रदूषणाचा नाही. बस किती वाजता. आणि त्यांच्या फाट्यावर ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नवी सवय लावायला माणूस फार थोड्या वेळा मोकळा असतो. पोरगा अकरावीला आला, नोकरी बदलली, घर बदललं, बदली झाली, लग्न होऊन मुलगी दुसऱ्या गावी गेली. त्या पंधरा दिवसांत तो कसा जायचं ते ठरवतो, आणि पुढची दहा वर्षं त्याच वाटेने जातो. पंधरा दिवस गेले की हप्ता सुरू झालेला असतो. हप्ता सुरू झालेल्या माणसाला पत्रक देऊन उपयोग नाही. म्हणून आम्ही यंदा प्रवेश अर्जाच्या मागेच पासाचा अर्ज टाचून ठेवला आहे, आणि खिडकीच्या काचेला आतून बसच्या वेळा चिकटवल्या आहेत. चित्रकलेच्या सरांनी एका पत्र्यावर ऑइलपेंटने त्याच वेळा लिहून दिल्या, तो पत्रा फाट्यावरच्या चहाच्या टपरीला टांगला. टपरीवाले खूष आहेत. पूर्वी लोक त्यांना वेळ विचारून निघून जायचे, आता वाचत उभे राहतात आणि चहा घेतात.

बाकी ज्यांना गाडी चालवणं भागच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: हवा दर आठवड्याला तपासावी, पन्नासच्या आसपास एका वेगाने चालवावी, जळगावात इच्छादेवी चौकासारख्या ठिकाणी लांब सिग्नल लागला तर इंजिन बंद करावं. यातून काही पैसे वाचतात. चौथा माणूस शेजारी बसवण्याइतके मात्र वाचत नाहीत.

उन्हाबद्दलही बोलायला हवं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. त्या उन्हात पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी लिहिलेला 'सायकलने कामावर जा' हा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. सकाळी शाळेत यायला सायकल चालते, दुपारी दीडला परतताना चालत नाही. ज्या मुलींना सायकली मिळाल्या त्यांच्या शाळा उन्हाळ्यात साडेअकराच्या आत सुटल्या तरच त्या सायकली वापरात राहतील. आणि थांब्यावर सावली हवी. एक कडुनिंब पुरे. आमच्या फाट्यावर होता, रस्ता रुंद करताना गेला.

शेवटची बस हा आणखी एक मुद्दा. सकाळच्या बसला गर्दी होईल की नाही हे संध्याकाळच्या शेवटच्या बसवर ठरतं. प्रॅक्टिकल संपायला साडेपाच होतात, मीटिंग लांबली तर सहा. शेवटची फेरी पक्की असेल तर माणूस सकाळी निर्धास्त बसमध्ये चढतो. ती फेरी कमी उत्पन्नाची म्हणून आधी बंद होण्याच्या यादीत असते. तिचं उत्पन्न तिच्या तिकिटांत मोजू नये, सकाळच्या दोन फेऱ्यांत मोजावं, एवढीच संबंधितांना विनंती.

आणि एक विनंती आपल्याला. आपल्या अंकात केळीचे भाव असतात, कापसाचे असतात, सोन्याचे असतात. आमच्या घरी ते रोज वाचले जातात, शेत नसलेली माणसंही वाचतात. त्याच पानावर एक चौकोन तालुकावार बसच्या आणि पॅसेंजर-मेमूच्या वेळांना द्यावा. सोमवारी पाचोरा, मंगळवारी जामनेर, बुधवारी अमळनेर, असं. निदान जून आणि जुलै, प्रवेश चालू आहेत तोवर. सायकल फेरीचा फोटो चार कॉलम येऊ शकतो, त्यातला एक कॉलम पुरेल.

पाचोरा–शेंदुर्णी रस्त्यावरच्या फेऱ्यांच्या वेळा मी सोबत स्वतंत्र कागदावर लिहून पाठवतो आहे. दोन वेळांपुढे पेन्सिलीने खूण केली आहे. त्या शाळा सुरू झाल्या की मागेपुढे होतात, छापण्याआधी एकदा फोन करून विचारून घ्याव्यात.

माझं नाव छापू नये. कार्यालयात फेरीची बाटल्यांची बिलं अजून मंजूर व्हायची आहेत.

आपला,
एक अपडाऊनवाला लिपिक
शेंदुर्णी, ता. जामनेर